खंडेनवमीचा राउटर

राउटरनं आधी आईचा अंगठा खाल्ला, मग त्याच हाताची उरलेली बोटं. हाडं कडाकडा फोडत होता. चूक आईचीच. खंडेनवमीला ती घरातल्या यंत्रांची पूजा करते. मिक्सर, अडकित्ता, शिलाई मशीन असं सगळं उरकून ती राउटरकडे वळली. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, तेव्हा अपडेट होत होतं, अर्ध्यावर आलं होतं. मी ओरडलो, "आई, बंद करू नकोस!"

"चालू मशीनला कुणी हळदकुंकू वाहतं का रे?" म्हणत तिनं बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि अंगठा गेला.

आता त्यानं तिचं मनगट धरलं होतं. आई रडत नव्हती. "शिरीष, नैवेद्य गार होतोय," एवढंच म्हणाली. मला मात्र रडू फुटलं. हात संपल्यावर तो काय खाणार, हे उघडच होतं.

मी बत्ता उचलून राउटरवर घातला. घाव माझ्याच तोंडावर बसला. पुढचे दात फरशीवर सांडले. माझ्या बायकोनं, केतकीनं, ते सुपलीत भरले.

"मारून सुधारतो का तो? रिसेट कर आणि मूळ फर्मवेअर भर," ती म्हणाली. तिनं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली.

मी पिन रिसेटच्या भोकात खुपसून दाबून धरली. घर आखडलं. भिंती खांद्यांना भिडल्या, छत डोक्यावर टेकलं, एक बरगडी मोडली. मी पिन सोडली नाही. शेवटी दिवा सावकाश लुकलुकायला लागला, म्हणजे तो भरून घ्यायला तयार झाला. मी त्याला लॅपटॉपची केबल जोडली. त्यानं ती लॅपटॉपमधून उपटली आणि ते टोक माझ्या मानेत घुसवलं. रक्ताची चिळकांडी झेंडूच्या तोरणापर्यंत गेली.

माझ्यातलं सगळं त्याच्याकडे वाहायला लागलं. शाळेचा रस्ता गेला. वडिलांचा आवाज गेला. त्यानं आईचं मनगट सोडलं आणि तिला एकेक बोट फुटू लागलं. मला इतका आनंद झाला की दुखणं विसरलो. सगळ्यात शेवटी अंगठा आला, नखासकट.

आता उलटं त्याच्याकडून माझ्यात भरत होतं आणि ते अजून अर्ध्यावरच होतं. छातीत दिवा लुकलुकत होता. आईनं मला खालीवर न्याहाळलं.

"केतकी, हे राहिलंच की गं," ती म्हणाली आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, कानावर झेंडू ठेवला.

"आई, अर्ध्यावर आहे," मी म्हणालो. मी फार घाबरलो होतो.

"दोन मिनिटं लागतात देवाच्या कामाला."

तिचा नवा, गुलाबी अंगठा माझ्या मानेमागं उगवलेलं बटण चाचपू लागला. माझ्या तोंडात दात परत आले.