आरोग्यक्षेत्रातले ब्याण्णव टक्के

रविवारी चर्चमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हाच जेरुशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शनिवार उजाडला तरी ती विझली नव्हती.

झालं होतं असं. मेडिकल कॉलेजचं पत्र आलं. वर ठळक अक्षरांत कॉलेजचं नाव आणि खाली बारीक मजकूर, की एका वर्षाच्या मास्टर्ससाठी तुमची निवड झाली आहे. पदवीचे गुण मेडिकलला कमी पडणाऱ्यांनी आपली बाजू भक्कम करून पुन्हा अर्ज करावा, यासाठी ते वर्ष. तिच्या आईने, व्हर्डीन टॉलिव्हरने, वरचं नाव तेवढं वाचलं आणि मेकन गावातल्या त्यांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये, देवाने काय दिलं त्याची सगळ्यांसमोर साक्ष द्यायच्या वेळी उभी राहून सांगून टाकलं, "माझी पोर डॉक्टरकीला लागली!"

मग रेव्हरंड स्ट्रिकलंडना कोण आवरणार? त्यांचं प्रवचन बोलता बोलता कधी गाण्यात शिरायचं ते कळायचंही नाही. ऑर्गन ओळीओळीला हुंकार द्यायचा, माणसं आपसूक उभी राहायची. जेरुशाचा जीव होता त्या गाण्यावर. त्या सुरात देव हाकेच्या अंतरावर आहे असं तिला लहानपणापासून वाटायचं. त्या रविवारी रेव्हरंडनी आंधळ्याला डोळे देणाऱ्या प्रभूच्या कथेत तिचंच नाव गुंफलं, "डॉक्टर जेरुशाऽऽ" असं तीनदा आळवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो सूर तिला सुईसारखा टोचला.

"सहा दिवस झाले. अजून फुगलेलीच?" गाडीत आई म्हणाली. निवड झालेल्यांना कॉलेजने आज भेटीला बोलावलं होतं. चर्चला जाताना घालायची निळी टोपी घालून आईही निघाली होती.

"देवाच्या घरात खोटं बोललीस तू, मम्मा."

"खोटं कशाला? जरा आधी बोलले."

"मला प्रवेश मिळालेला नाहीये! हे मास्टर्स आहे. त्याचे गुण वेगळ्या रकान्यात पडतात. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दोन्ही भागांतले माझे सी ग्रेड जिथे आहेत तिथेच राहणार. आणि इथे एखादा विषय घसरला, की मेडिकलवाले माझं नावही वाचणार नाहीत. त्यापेक्षा गावच्या कॉलेजात तेच विषय पुन्हा घेतले, तर पदवीची सरासरी तरी वर येईल."

"तीच पुस्तकं पुन्हा? आणि लोकांना काय सांगू, पोर नापास झाली म्हणून?"

"नापास नव्हते झाले मी! तुझी पाठ गेली, तू चार महिने अंथरुणावर होतीस, आणि मी रोज आठ तास दुकानात उभी..."

पुढचं तिने गिळलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली. आता जेरुशाला स्वतःचाच राग आला आणि तिने गाडीचा वेग उगाचच वाढवला.

कॉलेजात अभ्यासक्रमाचे प्रमुख डॉक्टर लिंडक्विस्ट यांनी सगळ्यांचं हसून स्वागत केलं. पांढरे कोट मांडून ठेवले होते; ज्याला हवा त्याने घालून फोटो काढावा. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. भिंतीवर आकडा झळकला : ब्याण्णव टक्के विद्यार्थी यशस्वी.

जेरुशाने हात वर केला. "यातले मेडिकलला किती गेले?"

"आमचे ब्याण्णव टक्के विद्यार्थी आरोग्यक्षेत्रात पुढे जातात."

"मी मेडिकलचं विचारलं, सर."

"प्रत्येकाची वाट वेगळी असते, जेरुशा." त्यांचं हसू जागचं हललं नाही. त्यांनी पुढचं चित्र लावलं.

तिचे कान तापले. ती पुन्हा तोंड उघडणार, तोच शेजारची खुर्ची करकरली. आई उभी राहिली होती, चर्चमध्ये राहते तशीच.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू? सव्वीस वर्षं मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालते, त्यांच्या कुशी बदलते, त्यांचं हगणंमुतणं काढते. हे आरोग्यक्षेत्रच ना?"

"अर्थात, मॅडम. फार मोलाचं काम आहे ते."

"मग तुमच्या ब्याण्णवात मी बसते?"

लोक हसले. लिंडक्विस्ट हसले नाहीत. "तसं म्हणाल तर... काही जण रुग्णालयात मदतनीस म्हणून..."

"म्हणजे बसते. ते काम मी शाळा संपवून सहा आठवड्यांत शिकले. आता माझ्या मुलीला उत्तर द्या. गेल्या वर्षी किती होते आणि डॉक्टरकीला किती लागले?"

"मॅडम, असे सुटे आकडे दिशाभूल..."

"माझी पाठ दुखते, साहेब. जास्त उभं नका ठेवू."

लिंडक्विस्टनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "अठ्ठावन्न होते. आमच्या मेडिकलला सहा लागले. बाहेरच्या कॉलेजांत... चार."

एका मुलीने अंगातला पांढरा कोट हळूच उतरवला.

"आणि उरलेले अठ्ठेचाळीस?" जेरुशाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "त्यांचेही फोटो काढले होतेत? आमच्या घरच्यांनी वरचं नाव वाचून नाचावं म्हणूनच एवढं मोठं छापता ना? माझी जागा दुसऱ्याला द्या. आणि देण्याआधी त्याला हा आकडा सांगा."

दोघी गाडीपाशी आल्या.

"खालचं मी वाचलंच नव्हतं गं," आई म्हणाली.

"माहीत आहे."

"मग तिथल्या तिथे का नाही बोललीस, चर्चमध्ये?"

"सगळे माझ्यासाठी उभे होते, मम्मा. रेव्हरंड गात होते. कशी थांबवू?" तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला संताप आला. "पण तू विचारायला हवं होतंस. मला."

"हवं होतं," आई म्हणाली.

जेरुशाने गाडीच्या टपाला टेकून फोनवर गावच्या कॉलेजची नोंदणी उघडली. ऑर्गॅनिक केमिस्ट्री, भाग पहिला. सोमवार, बुधवार, सकाळी आठ. शिकवणारेही तेच, ज्यांनी सी दिला होता ते. पडद्यावर प्रश्न आला : या विषयात तुम्ही उत्तीर्ण झाला आहात. तरीही पुन्हा घ्यायचा आहे?

तिने 'हो'वर अंगठा असा दाबला की आई म्हणाली, "अगं, फुटेल तो."

"फुटू दे," जेरुशा म्हणाली आणि भाग दुसरा शोधू लागली.