फोलपटची चार गाणी

पेनड्राइव्हचं टोपण निघून आलं होतं आणि शर्टाच्या खिशात, शिवणीपाशी अडकलेलं ते एवढंसं प्लास्टिक राघवेंद्रचं बोट पुन्हा पुन्हा चाचपत होतं — आहे, अजून आहे — जणू ते हरवलं तर आतली चार गाणी वाटेतच सांडतील आणि मग उदगीरला जायचं कारणच उरणार नाही. बसनं नळेगाव मागं टाकलं. गाणी सांडावीत असं वाटत होतं का? खरं सांगायचं तर थोडंसं वाटत होतं.

चार गाणी, मिळून वीसेक मिनिटं. अल्बमचं नाव ‘कोरडवाहू’. लातूरच्या क्लासमध्ये राघवेंद्र, म्हणजे मीच, ज्यांना भौतिकशास्त्र शिकवतो त्या पोरांना ठाऊकही नाही, की आपल्या केस विरळ झालेल्या सरांचा एक बँड आहे, फोलपट नावाचा, आणि दूर बेंगळुरूकडची काही वेडी माणसं त्याला ‘थ्रॅश मेटल संगीतातले जुने खोड’ म्हणून मान देतात. बँडचं नाव डाळमिलमुळे पडलं. व्यंकटच्या वडिलांची, भगवानरावांची, उदगीरला मिल होती. तिथं पोत्यांच्या आड व्यंकटचे ड्रम, राघवेंद्रची गिटार, बसवंतचा बास आणि बसवंतचाच घसा, आणि सगळ्यांच्या अंगावर तुरीची फोलपटं. मिलच्या पट्ट्याला सांधा होता. पट्टा फिरला की सांधा चाकावर फट्‌कन बसायचा, पण सरळ मात्रेवर कधीच नाही, नेहमी वाकडा, सातव्या मात्रेला. मिल बंद करा म्हणायची सोय नव्हती, म्हणून व्यंकटनं त्या सांध्यालाच सम धरलं. पुढं जाणकारांनी लिहिलं, की या बँडचा ताल फार पुढारलेला आहे, प्रोग्रेसिव्ह आहे... आम्ही त्याला पट्ट्याचा ताल म्हणायचो आणि हसून लोळायचो.

आणि एक नेम होता. गाणं बाहेर जायच्या आधी ज्यानं ज्यानं वाजवलं त्यानं ते पुरं ऐकून ‘हाव’, म्हणजे होय, म्हणायचं. मिल त्याच्या घरची, म्हणून व्यंकटनं सगळ्यांत शेवटी, आणि समोरासमोर. बसवंतनं काल देगलूरहून आपली हाव कळवली. त्याला काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

गेल्या वर्षी व्यंकटला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात चमचा धरण्याइतका परतला, आणि चमचा धरता येतो तर काठी का नाही, असं म्हणत तो पावसाळ्यात लातूरला आला, क्लासच्या वरच्या खोलीत ड्रमवर बसला आणि वाजवू लागला. केवढा खूश होता! ठोके मात्र सांडलेल्या ज्वारीसारखे कुठंही. राघवेंद्र म्हणाला, “मस्त झालं.” व्यंकट घरी परतल्यावर राघवेंद्रनं ते सगळं पुसलं, मिलमधल्या जुन्या रेकॉर्डिंगमधून चोवीस वर्षांच्या व्यंकटचा एक ठोका इथून, एक तिथून उचलला आणि नवी चार गाणी शिवून काढली. मग त्या शिवलेल्या व्यंकटसोबत स्वतःची गिटार वाजवली. हेडफोनमध्ये ठोक्यांच्या अधेमधे श्वास ऐकू यायचा, तरुण, नाकातून घेतलेला. तो त्यानं कापून टाकला. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर श्वास होताच. थोडा पुढं सरकून बसला होता.

व्यंकटनं ओळखलं तर? तर त्याला कळेल, की आपला हात संपला, आणि हे मित्रानं तोंडावर न सांगता पाठीमागं ठरवून टाकलं. पंचवीस वर्षांची दोस्ती आहे. त्यानंतर कुठल्या तोंडानं या गावात उतरायचं? आपण चोर आहोत, राघवेंद्रला वाटलं, आणि चोर असून चोरीचा माल मालकाकडंच पसंतीला नेतोय. उदगीरचा किल्ला दिसला तसं त्यानं खिशातलं टोपण पुन्हा चाचपलं.

“या भाऊजी,” राजकन्या दारातच म्हणाली. व्यंकटची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आज सुट्टी काढून घरी थांबलेली. “सकाळधरनं दहा डाव इचारलं, राघ्या आला का, राघ्या आला का.”

व्यंकट खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर, तळवा वर. “बस की बे. वाळून राहिलास लई. क्लासवाले जेवू घालत न्हाईत का?”

“तूच सुटलायस.”

“हाव, मला बसून खायला मिळतंय. लाव.”

दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून फरशीवर उतरलं होतं. स्पीकर छोटा होता, पण पहिलं गाणं सुरू झालं आणि खोली मिलच्या मापाची झाली. राघवेंद्र स्पीकरकडं बघत नव्हता, त्या हाताकडं बघत होता. पहिल्या मिनिटात काही नाही. मग मांडीवरची बोटं हलली... एकेक, अगदी थोडी. बोट हले, मग ठोका पडे. मागून नव्हे, आधी. एखादवेळी अंदाजानं जमेल, जुना वाजवणारा आहे. पण तिसऱ्या गाण्यात एक जागा होती, जिथं राघवेंद्रनं दोन ठोके उलटे लावले होते, आदल्या आठवड्यात, एकट्यानं, दार लावून, आणि तसे ते पृथ्वीवर कुणीच कधी वाजवले नव्हते. बोटांनी ते दोन्ही, उलटेच, आधी दाखवले. आणि श्वास... तो आता स्पीकरमधून येत होता की खुर्चीतून? मला कळेना. मी राजकन्येकडं पाहिलं. ती चहाचा ट्रे धरून उभी होती आणि नवऱ्याच्या हाताकडं, जो सकाळी बटणसुद्धा लावू शकत नाही त्या हाताकडं, बघत होती.

चौथं गाणं संपलं. व्यंकटचे डोळे भरले होते. “मीच हाय बे,” तो म्हणाला. “मला वाटलं व्हतं, गेलं सगळं. तुला सांगितलं न्हाई, पण त्या दिवशी वाजवताना काहीच लागत न्हाई, असं वाटून राहिलं व्हतं. पण बग... मीच हाय.”

राघवेंद्रला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचीच त्याला लाज वाटली. “मग हाव म्हण.”

“म्हणतो की. पण गिटार कुणाची हाय?”

“म्हणजे?”

“कोण वाजवून राहिलं?”

“मीच की.”

व्यंकट हसला, जुनं, मोठं हसू. “थट्टा नको करूस. तुझी मला झोपंत बी कळती. तू तालाच्या पुढं पळतोस. मी तुला मागं वढायचो, तू पळायचास, सारा जलम त्यातच गेला आपला. ह्यो माणूस पळत न्हाई. ह्याला घाईच न्हाई कसली.” त्यानं डोळे पुसले. “चांगला हाय, लई चांगला. त्याला बोलीव. नेम हाय आपला, ज्यानं वाजवलं त्याची हाव पायजे. त्याची झाली की माझी.”

राजकन्येनं ट्रे खाली ठेवला आणि पहिलं गाणं पुन्हा लावलं. व्यंकटनं तिला तशी खूण केली होती.

राघवेंद्रनं ऐकलं. सूर त्याचेच होते, तारांवर घासून घासून वाजवलेला प्रत्येक सूर ओळखीचा. ती जागा जवळ आली, जिथं तो आजवर नेहमी उधळत आला होता, आणि त्यानं वाट बघितली... गिटार शांतपणे पुढं निघून गेली. कारण त्याला लगेच कळलं. ज्याच्यापुढं पळायचं तो गिटार वाजवताना त्या खोलीत नव्हताच; मागं ओढणारं कुणी नसलं की माणूस पळेल तरी कशाला. कारण कळलं म्हणून भीती कमी झाली नाही. व्यंकट त्याच्याकडं बघत होता, मित्रासारखा, पण जरा परकेपणानं, पाहुण्याचं नाव विचारून उत्तराची वाट बघावी तसा. खरं सांगून टाकावं म्हणून राघवेंद्रनं तोंड उघडलं. पण गाण्यातला तो माणूस अजून वाजवतच होता, आणि त्याचं संपेपर्यंत मधे बोलायचं धाडस मला होईना.