नवव्या किलोमीटरपुढची खिंड

रुळाच्या जोडाचा चौथा बोल्टही हलेना, तेव्हा लुत्सेकने पाना खडीवर आपटला आणि घण मागवला.

"घण नको," मागून आवाज आला. "आधी रॉकेल सोड. मग पाव फेरा आवळ. आवळलास की सुटेल."

काठी टेकत एक म्हातारा रुळाच्या कडेने आला होता. लुत्सेक हसला.

"आजोबा, आम्ही मोडायला आलोय, दुरुस्तीला नाही. घरी जा, गारठाल."

"ते माझे बाबा आहेत," इर्मिना म्हणाली. "सांगतात तसं कर."

पाव फेरा आवळल्यावर बोल्ट सुटला. म्हातारा पुढच्या जोडाकडे गेला.

इर्मिनाचे वडील वालेंती या मार्गावर चौतीस वर्षं रूळदुरुस्तीच्या टोळीचे मुकादम होते. लिपोव्का हे गावच मुळी रुळांनी वसवलेलं. झारच्या काळात इथे नुसती दलदल होती. इंजिनांना पाणी हवं म्हणून टाकी आली, टाकीला माणसं हवीत म्हणून विटांची क्वार्टरं, आणि माणसं मरू लागली तेव्हा चर्च. एका युद्धात जर्मनांनी येऊन रूळ आपल्या मापाचे केले. दुसऱ्यात गावच्याच पोरांनी पूल उडवला आणि युद्ध संपल्यावर त्यांतल्या उरलेल्यांनी तो पुन्हा बांधला. वर्कशॉपचा भोंगा झाला की बायका बटाटे शिजत टाकायच्या. रस्त्यात कुणी भेटलं की 'कसा आहेस' नाही, 'कुठली पाळी' असं विचारायचे. मग वर्कशॉप बंद पडलं, पोरं इंग्लंडला गेली, आणि शेवटची पॅसेंजर सुटली तेव्हा ठेवणीतले गणवेश घालून अख्खं गाव फलाटावर उभं राहिलं. एकटे वालेंती गेले नव्हते.

आता रूळ उपटायचं कंत्राट घेतलेल्या कंपनीची इंजिनियर म्हणून त्यांचीच मुलगी आली होती. बेकरीवालीने इर्मिनाच्या हातात पाव ठेवला तो तिच्याकडे न बघता. ती दाराबाहेर पडते न पडते तोच आतून ऐकू आलं, "आईच्या मातीला यायला वेळ नव्हता. रूळ उपटायला बरा मिळाला!"

खोटं नव्हतं ते. सहा वर्षांपूर्वी निरोप मिळूनही ती आली नव्हती.

संध्याकाळी बापलेक स्वयंपाकघरात समोरासमोर बसले. वालेंतींनी राईच्या पिठाचं आंबट सूप केलं होतं, वर उकडलेलं अर्धं अंडं.

"कुठवर आलात?" त्यांनी विचारलं.

"नववा किलोमीटर संपला. उद्या खिंडीत शिरू."

त्यांनी चमचा खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

"उद्या मी येतो."

"बाबा, तुम्ही रोजच येताय."

"उद्या तुझ्याबरोबर येतो. गाडीतून."

इर्मिनाने होकारार्थी मान हलवली. खिंडीचं नाव या घरात सव्वीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. तिचा भाऊ बोगुमिल तिथेच मालगाडीखाली गेला होता. बाबांच्याच टोळीत नवा लागलेला, वय वीस. चौकशीत निघालं की पोरगा मुकादमाला न विचारता रुळावर गेला. इर्मिना तेव्हा बारा वर्षांची होती. भावाच्या मरणापेक्षा तिला जास्त आठवायचं ते आईचं बोलणं. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी त्याच्या थडग्यावर मेणबत्त्या लावताना, तिची आई स्तेफानिया भेटेल त्याला सांगायची, "बेफिकीर होता. किती वेळा बजावलं होतं, ऐकायचाच नाही कुणाचं." डोळ्यात टिपूस नाही. एकोणिसाव्या वर्षी इर्मिना एकदा किंचाळली होती, "मेलेल्या पोराला तरी सोड! तू आई आहेस की कोण?" आणि त्याच आठवड्यात घर सोडून गेली होती. बाबा तेव्हा टोपी मांडीवर घेऊन खाली बघत बसले होते.

सकाळी खिंडीत अजून मळका बर्फ होता. दोन्ही बाजूंना टेकडी कापलेली, मधे वळण. वालेंती गाडीतून उतरले आणि पावलं न मोजता सरळ चालत गेले. एका जोडापाशी थांबले.

"इथं."

इर्मिना त्यांच्या शेजारी उभी राहिली. रूळ इतर रुळांसारखाच होता.

"तो न विचारता आला नव्हता," वालेंती म्हणाले. "मी पाठवला होता. जोड बघून ये म्हटलं. फाटकावर फोन आला होता, कोळशाची जादा गाडी येतेय म्हणून. मीच घेतला फोन. आणि त्याला सांगायचं विसरलो."

खाली क्रेनचं इंजिन धडधडत होतं.

"वाऱ्यात गाडी ऐकू येत नाही इथं," ते म्हणाले. "वळणामुळे दिसतही नाही."

इर्मिनाने विचारलं, "आईला हे कळलंच नाही शेवटपर्यंत?"

"तिला त्याच दिवशी सांगितलं. घरी आल्याआल्या. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, तू तुरुंगात गेलास तर क्वार्टर जाईल, पोरीला घेऊन मी कुठं जाऊ? पोरगा न विचारता गेला असं सांग."

"म्हणजे तिला माहीत होतं."

"हो."

"मग गावभर ते बोलत का सुटायची? जन्मभर?"

"लोक कुजबुजायला लागले होते. फाटकवाल्याला फोनचं ठाऊक होतं. पण आईच पोराला नावं ठेवते म्हटल्यावर कोण काय बोलणार?" त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "चर्चमधून आली की न्हाणीघरात जायची. नळ सोडून बसायची."

इर्मिना रुळापासून एक पाऊल मागे सरली.

"तू गेलीस तेव्हा मी म्हटलं, इर्मिनाला तरी सांगतो. आईनं हात धरला माझा. म्हणाली, तिचा भाऊ गेलाय, बाप तरी राहू दे तिला. माझा राग करते तर करू दे."

"आणि तुम्ही करू दिला."

"करू दिला," वालेंती म्हणाले.

लुत्सेक वर चालत आला. दोघांकडे बघून जरा दूरच थांबला.

"बाई, सुरू करायचं ना? क्रेन तयार आहे."

क्रेनला इशारा द्यायला इर्मिनाने हात वर करायला हवा होता. तो वर जाईना. तेव्हा वालेंतींनीच काठी रोवली आणि दुसरा हात चौतीस वर्षांच्या सवयीने उंच केला. साखळ्या ताणल्या. गंज करकरला, आणि रूळ जमिनीतून सुटून वर उचलला गेला.

"आई गं," इर्मिना म्हणाली.

लुत्सेक दचकून धावला. "बाई? लागलं का कुठं?"

"नाही," ती म्हणाली. "चालू दे."