जिन्यातले साहेब

मावशीच्या जिन्यात साहेब सहा वेळा भेटायचे. एकाच थोर मुत्सद्द्याची जुनी चित्रं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, दर तीन पायऱ्यांना एक. दुपारी वरच्या खिडकीतून ऊन उतरायला लागलं की साहेब पायरीपायरीने मऊ होत जायचे. खाली भेटायचे ते कपाळाला आठ्या घालून, सबंध देश अंगावर घेतल्यासारखे. वर पोचेपर्यंत त्यांना माणसांची दया आलेली असायची. त्या जिन्यात मी पुष्कळदा बसल्या बसल्या पेंगलो आहे.

साहेब मऊ होण्याचं कारण साधं होतं. चित्रं कोरली मावशीच्या आजोबांनी. नमुन्याची तसबीर त्यांना दोन दिवसांपुरती मिळाली होती. पुढे छापून छापून पत्रा झिजला की ते रेघा पुन्हा कोरत, आठवणीवर, आणि दर वेळचा एक छाप जिन्यात आणखी वर लागे. समोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा धरून खिडकीतला उजेड पत्र्यावर पाडायचं काम त्यांच्या बायकोकडे, म्हणजे मावशीच्या आजीकडे. पाणी हललं की तिच्या तोंडावरून उजेडाच्या लाटा जात. साहेबांचा चेहरा विसरत गेला, आजी समोर राहिली. सहाव्या चित्रात मिशा तेवढ्या साहेबांच्या होत्या, बाकी सगळी आजी. तिचं दुसरं चित्र कुठेच नव्हतं.

त्यामुळे घरात साहेब पाचच मोजत. सहावी ती आजी. संग्रहालय आजोबांच्या नावाचं दालन काढतंय म्हटल्यावर मावशीने हरखून पत्र दिलं, 'साहेबांची सगळी चित्रं नेणे.' सहावं वगळायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

संग्रहालयाचे अधिकारी आले आणि थेट सहाव्यापुढे थबकले.

"हे सगळ्यांत सरस. डोळे बघा. देशाची चिंता आहे त्यांत."

"दुधाची आहे," मावशी पुटपुटली. आजी गोळा धरून बसायची तेव्हा नजर चुलीवर असायची.

"काय म्हणालात?"

"चहात दूध चालेल ना, म्हटलं."

मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, सांगून टाक ना आजी आहे म्हणून."

"आणि दालनात काय लिहितील? नामवंत कारागिराने स्वतःच्या बायकोला मिशा लावल्या? गप बस."

अधिकारी चित्र खिळ्यावरून काढायला लागले. मावशी दोन पायऱ्या चढली, थांबली, पुन्हा चढली.

"जरा कान बघून घ्या," ती म्हणाली.

त्यांनी भिंग लावलं. कानाच्या पाळीला बारीकसा डूल होता.

"हे काय?"

"चूक. उतारवयात आजोबांचा हात चालत नव्हता." आजोबांची चूक झाली, हे वाक्य मावशीच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. तिलाही ते ऐकायला परकं वाटलं असावं, कारण ती कठडा घट्ट धरून उभी होती.

"मग हे सदोष ठरतं, नेता येणार नाही. दालनात तशी नोंद करावी लागेल, शेवटचं काम ढासळलेलं."

"करा."

पाच साहेब कागदात गुंडाळून गेले. जिन्यात ऊन आता मोकळ्या भिंतीवरून उतरतं, सहा ठिकाणी जरा जास्त उजळ.

आजीला मावशीने स्वयंपाकघरात शेगडीसमोर टांगलं आहे. पातेल्यातल्या पाण्याचा कवडसा छताला लागून तिच्या तोंडावर येतो, तेव्हा मिशा दिसेनाशा होतात.

तेव्हापासून एकदाही दूध उतू गेलं नाही, असं मावशी येईल त्याला सांगते. मी शेगडी दोनदा पुसली आहे.