तारेखालून आधी बंदूक

"डॅड, हे तू चौथ्यांदा सांगतोयस," टेगन म्हणाली.

"मग पाचव्यांदा ऐक. बंदूक रिकामी आहे असं कधीच धरून चालायचं नाही. नळी कुठे बघतेय?"

"जमिनीकडे."

"बोट?"

"चापाच्या बाहेर. डॅड, तुझं संपेपर्यंत ससे म्हातारे होऊन मरतील."

पंधरा वर्षांची पोर, जीभ आईवर गेलेली. मी पवनचक्क्या आणि बोअरचे पंप दुरुस्त करतो. कनामला गावाच्या पुढे शंभर मैलांत माझं कुणी ऐकत नाही, पंपसुद्धा नाही. आज हक्काचं एक माणूस सापडलं होतं, सोडतो होय!

पण आज एवढं घोकून घ्यायला कारणही होतं. टेगनच्या बंदुकीच्या परवान्याच्या अर्जावर तिच्या आईची, लोरेनची, सही हवी होती, आणि लोरेनचा धाकटा भाऊ कुंपण ओलांडताना स्वतःच्याच बंदुकीने गेलेला. "दिवसभर लक्ष ठेव तिच्यावर, डेस," निघताना लोरेन म्हणाली. "एक चूक झाली तरी मला येऊन सांगायची. मग सही नाही."

टेगनने तीन ससे टिपले. चूक शोधूनही सापडली नाही. मग मला खुमखुमी आली. "आण इकडे. आता उस्ताद बघ." माझी पहिली गोळी वारुळाला लागली. दुसरीही त्याच वारुळाला.

"मेलं बहुतेक वारूळ," टेगन म्हणाली.

मी चिडलो. चिडलेल्या हाताने सवयीने गोळी चढवायचा बोल्ट मागेपुढे केला, पण डोक्याला काही कळवलं नाही.

पुढे काटेरी तारेचं कुंपण आलं. टेगन आधी पलीकडे गेली.

"नियम?" मी अलीकडून विचारलं.

"रिकामी करायची, बोल्ट उघडा ठेवायचा, तारेखालून आधी बंदूक, मग माणूस."

"शाबास," म्हणत मी बंदूक तशीच सरकवली. मग दोन तारांमधून वाकलो आणि मागून पँट अशी अडकली की पुढे गेलो तर अब्रू जाणार, मागे आलो तर कातडी.

तेवढ्यात आमचा कुत्रा डिझेल आला. बंदुकीचा पट्टा बघून त्याला रस्सीखेच आठवली. त्याने पट्टा दातात धरून ओढला. बंदूक गवतात गरकन फिरली आणि नळी माझ्या नाकासमोर येऊन थांबली.

"सोड, गाढवा!" मी ओरडलो. डिझेलला वाटलं, डाव रंगला. त्याने जोर लावायला बंदुकीवर पंजा रोवला.

"ओरडू नकोस, डॅड." असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "बोल्ट बंद आहे."

"रिकामी आहे ती."

"बघितलंस?"

नव्हतं बघितलं. पंजा चापापासून चार बोटांवर होता.

ती धावली नाही. लांबून वळसा घालून दस्त्याच्या बाजूला गेली, खाली बसली आणि पिशवीतून सँडविच काढलं.

"ते माझं मटणाचं—"

"डॅड. गप्प."

डिझेलने पट्ट्याकडे बघितलं, मग सँडविचकडे. फार विचार केला त्याने. माझ्या तोंडावर माशा बसल्या होत्या, एकही हाकलली नाही. शेवटी पट्टा सुटला. टेगनने दस्ता धरून नळी मोकळ्या रानाकडे वळवली आणि बोल्ट मागे खेचला. पितळी गोळी उडून तिच्या बुटापाशी पडली.

तिने ती खिशात टाकली, मग मला सोडवलं. पँट टर्रकन फाटली. कुणी हसलं नाही.

गाडीत ती म्हणाली, "मी आईला नाही सांगणार."

"तू कशाला सांगशील? तुझं काय चुकलं?"

घरी लोरेन बटाटे सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वारूळ, पँट, कुत्रा, सगळं. एरवी अशा गोष्टी सांगून मी माणसांना हसवून लोळवतो. लोरेनने फक्त विचारलं, "गोळी?"

टेगनने ती टेबलावर ठेवली.

लोरेनने हात पुसले, अर्ज ओढला, सही केली. मग माझ्यासमोर तळहात पसरला. परवाना तिच्याकडेही होता, पण बंदुकीच्या कपाटाची किल्ली वीस वर्षं माझ्याच कमरेला.

जुडग्याची कडी घट्ट बसली होती. नखाने उघडेना. लोरेन हात तसाच धरून थांबली. टेगन पुढे झाली.

"राहू दे," मी म्हणालो. "काढतो मी."