सहावी पायरी

मास्तरने लॅपटॉप उचलून त्याच्या जाळीला कान लावला. पडद्यावर व्हिडिओची पट्टी पुढे सरकत होती, पण आतून हूं की चूं नाही. चित्राचीही तीच रड. अक्षरं चिंचोक्याएवढी फुगलेली, कडा विरघळलेल्या.

"ताई, तुम्ही काहीतरी दाबलं असेल," तो म्हणाला.

काउंटरपलीकडची बाई पदर सावरत नव्हती, चुळबुळतही नव्हती. फक्त बघत होती.

"सगळे हेच म्हणतात. तुमच्याआधी तीन दुकानदार म्हणाले. घरचे धरून चार."

मास्तर हसला. दुकान जिन्याखालचं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास बाहेरच घेऊन यायचा. दाराशी त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : 'दुरुस्ती करू, शिकवूही'. त्यावरूनच लोक त्याला मास्तर म्हणायला लागले. शाळेने त्याला फार काही दिलं नव्हतं. भंगारातली यंत्रं उघडून, शॉक खाऊन, तो एकटा शिकला होता. म्हणूनच असेल, आपल्याला येतं ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, नुसतं दुरुस्त कर बाबा. हा म्हणायचा, बघा तरी, उद्या तुम्हालाच जमेल. त्याच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"काम काय करता ह्याच्यावर?"

"शिकवणीचे व्हिडिओ असतात. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खाली ओळी टाकते. बोलणं ऐकायचं, तोंड बघायचं आणि लिहायचं." तिने मुक्या लॅपटॉपकडे बोट केलं. "आता ह्यात काय ऐकू आणि काय बघू? दर मंगळवारी दहाच्या आत पाठवायचं असतं. दर सोमवारी दुरुस्त करून घेत कसंबसं निभावलं, तरी तीनदा चुकलं. उद्या चौथ्यांदा चुकलं तर काढून टाकणार, तसं कळवलंय त्यांनी."

"आणि हे बिघडतं कधी?"

"बरोबर सोमवारी. हे म्हणतात, तुझा पायगुण. मशीनलाही कळतं म्हणे, समोर कोण बसलंय."

मास्तरला पुन्हा हसू आलं. ते त्याला नंतर पुष्कळ दिवस आठवणार होतं.

"अहो, पायगुण कसला! यंत्र आणि पडदा ह्यांच्यात एक दुभाष्या असतो. त्याला ड्रायव्हर म्हणायचं. आवाजाचा वेगळा, चित्राचा वेगळा. दुभाष्या उठून गेला की दोघं समोरासमोर बसून मुके. जुन्या मशीनला हे व्हायचंच. थांबा, बोलावतो परत."

तो बोलत बोलत मशीनच्या आत शिरला आणि मध्येच थांबला. जुन्या यंत्रात चुकीचा ड्रायव्हर येऊन बसतो, अर्धवट बसतो, भांडतो. इथे तसलं काही नव्हतं. दोन्ही जागा कुणीतरी झाडून घ्याव्यात तशा स्वच्छ होत्या. त्याने नोंदी उघडल्या. आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आवाज गेला. त्याच मिनिटाला चित्र गेलं. मागच्या सोमवारी सात दहा. त्याच्या मागच्या सोमवारी सात दहा.

बिघाड घड्याळ बघून येत नाही. माणूस येतो.

आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत एक फाइल होती. त्याने ती उघडली. अकरा ओळी. दोन वाचल्या आणि तिसरी त्याला डोळे मिटूनही म्हणता आली असती. शेवटी, कुणीही विचारलेलं नसताना, टोपणनाव टाकलं होतं : मास्तर.

चार महिने झाले असतील. ह्याच काउंटरपाशी एक गृहस्थ उभा होता. हेल्मेट काखेत, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. मुलगा दहावीला आहे म्हणाला, दिवसरात्र गेम. ओरडून उपयोग नाही. आपोआप बिघडल्यासारखं वाटलं पाहिजे, माझं नाव येता कामा नये. मुलं मनात धरतात. मास्तरला वाटलं होतं, बाप असावा तर असा. बसल्या बैठकीला त्याने फाइल लिहून पेन ड्राइव्हवर दिली, कशी बसवायची, वार-वेळ कशी लावायची तेही शिकवलं. वर सल्ला दिला : "मशीन जुनं आहे ना? मग तर झाकली मूठ. म्हातारा खोकला तर कुणी पोलिसात जातं का?" दोघे केवढे हसले होते.

मास्तरने कपाळ पुसलं. मग जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं,

"मुलगा दहावीला ना, ताई? झाला पास?"

"मूल नाही आम्हाला."

मास्तरने फाइलीतलं आपलं नाव पुन्हा वाचलं.

"का विचारलंत?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत तिला सांगितलं. कोण आला होता, काय म्हणाला, आपण काय दिलं. काही झाकून ठेवलं नाही. तिने मध्ये एकदाच विचारलं,

"बोलताना दोन बोटं वाजवत होते? अशी?" तिने काउंटरवर दोन बोटं वाजवली. टक टक.

मास्तरने मान डोलावली.

ती स्टुलावर बसली. रडली नाही. "मी ह्या मशीनशी गोड बोलायचे," ती म्हणाली. "सोमवारी उघडताना म्हणायचे, आज तरी साथ दे गं बाई."

"काढतो. आत्ता मुळापासून उपटतो."

"काढू नका."

"अहो, पण..."

"काढलंत तर आज कळेल त्यांना. आज कळलं तर उद्या हे मशीन खिडकीतून खाली असेल. आधीचा फोन तसाच गेला. तेव्हाही आवाज चढवला नव्हता त्यांनी. खिडकी उघडली, टाकला, खिडकी लावून घेतली."

"मग मी बोलतो त्यांच्याशी."

"तुम्ही बोललात म्हणूनच तर इथवर आलं, मास्तर."

तिची पर्स थरथरली. तिने फोन कानाला लावला.

"हो... दुरुस्तीला आलेय. नेहमीचा बंद होता... नाव नाही माहीत, जिन्याखाली आहे. पाटी आहे, दुरुस्ती करू, शिकवूही."

पलीकडची शांतता मास्तरलाही ऐकू आली.

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला. "थांब म्हणाले. वीस मिनिटांत येतात." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "घ्यायला कधी येत नाहीत." ती उठली, स्टूल ओढून लॅपटॉपसमोर बसली. "शिकवा."

"काय?"

"पाटीवर लिहिलंय तुम्ही. त्यांना शिकवलंत, तसं मला शिकवा."

मास्तरने कागद ओढला. तिने तो बाजूला सारला. "कागद नको. पर्स बघतात." आणि डावा तळवा समोर धरला.

करंगळीची तीन पेरं, अनामिकेची तीन. सहा पायऱ्या झाल्या. पहिली, इंटरनेट तोडायचं. दुसरी, मास्तरने आत्ताच तिच्या कामाच्या फाइलींत दडवलेले दोन्ही ड्रायव्हर शोधायचे. तिसरीला आवाज बसवायचा. चौथीला चित्र. पाचवीला मशीन बंद करून चालू करायचं, इंटरनेट जोडायचं, काम करून पाठवून द्यायचं.

"आणि सहावी," मास्तर म्हणाला, "ही माझी फाइल आपल्या हाताने चालवायची. परत सगळं मुकं. ही विसरलात तर संध्याकाळी उघडल्या उघडल्या कळेल त्यांना."

"आठला कामावर जातात. दहाला पाठवायचं. दोन तास मिळतात."

"पुरतील. करून बघा."

तिने केलं. पाचवीला पडदा लख्ख उजळला, अक्षरं बारीक आणि रेखीव झाली, आणि दुकानात कुणा शिक्षिकेचा आवाज भरला : झाडाची मुळं अंधारातच पाणी शोधतात... तिचे हात मांडीवर पडले. ती ऐकत राहिली. चेहऱ्यावरच्या चार महिन्यांच्या घड्या एकेक सुटत गेल्या.

"ताई. सहावी."

ती दचकली. फाइल चालवली. शिक्षिका मुकी झाली, अक्षरं फुगली.

दुसऱ्यांदाही तेच. पाच पायऱ्या बोटं आपसूक चालली आणि आवाज आला की थांबली. कुणी थांबणार नाही? चार महिने तहानलेल्या माणसाने घोट तोंडाशी आणून परत ओतून द्यायचा.

"ताई, सहावी!"

"हो, हो. कळलं."

तिसऱ्यांदा सुरू करणार तोच बाहेर स्कूटर थांबली.

त्याने हेल्मेट काढलं, रुमालाने त्याची काच पुसली, रुमालाची घडी केली, मग आत पाहिलं.

"झालं का गं?"

"नाही हो. जुनं झालंय म्हणतात."

"अरेरे." दोन बोटं काउंटरवर पडली. टक टक. "मास्तरांनाही नाही जमलं?"

त्याचे डोळे मास्तरच्या तोंडावर होते. गोगलगाय पोटात पाय घेऊन चालते म्हणतात. ह्याचे पाय डोळ्यांत होते.

"नाही जमलं," मास्तर म्हणाला. ह्या दुकानात हे शब्द त्याने कधी उच्चारले नव्हते.

"चालायचंच. तू हो पुढे."

ती लॅपटॉप छातीशी धरून पायरी उतरली. त्याने मास्तरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तळवे कोमट होते.

"शब्दाला जागलात," तो हळूच म्हणाला. "माणसं राहिली नाहीत हो अशी."

तो गेल्यावर मास्तरने तो हात पँटला पुसला. पुन्हा पुसला. मग दारात आला.

ती मागे एका बाजूला बसली होती. लॅपटॉप मांडीवर, डावा तळवा त्याच्यावर उताणा. अंगठा पेरांवरून सरकत होता. करंगळीवर एक, दोन, तीन. अनामिकेवर चार, पाच. तिथे तो थांबला. मागे आला, पहिल्यापासून निघाला, पुन्हा तिथेच थांबला.

अजून एक, असं बोट वर करून दाखवायला मास्तरने हात उचलला. स्कूटरच्या आरशात दोन डोळे दुकानाकडे लागलेले होते.

त्याने तो हात तसाच केसांतून फिरवला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

स्कूटर निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचा अंगठा पाचव्या पेरावरच होता.