डस्टरला अठ्ठ्याऐंशी

पदार्थविज्ञान मंडळाच्या खोलीबाहेरची रांग जिना उतरून खाली गेली होती. मंडळाच्या व्याख्यानाला आजवर जास्तीत जास्त नऊ माणसं आली होती, त्यातली दोन पंखा दुरुस्त करायला. आज शंभरएक जण उभे होते. विभागप्रमुखसुद्धा होते, "निव्वळ कुतूहल" असं न विचारता तीनदा सांगत.

आत टेबलावर एक लाकडी पेटी. पेटीवर एक पट्टी तांब्याची, एक जस्ताची. दोन्हींवर तळवे ठेवले की काटा हलायचा आणि परीक्षेत किती गुण पडणार ते दाखवायचा.

"तुमच्या मेंदूची कंपनं विश्वाच्या कंपनांशी जुळतात," मंडळातला लाउडस्पीकर नावाने ओळखला जाणारा पोरगा सांगत होता. "काटा खोटं बोलत नाही. त्याला तोंडच नाही."

पेटी मंडळाच्या चिटणिसाने गंमत म्हणून बनवली होती. संध्याकाळी स्नेहमेळाव्यात झाकण उघडायचं आणि सगळ्यांना हसवायचं, असा बेत होता. पण दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीने हात ठेवले आणि काटा शून्यावरच बसून राहिला. ती तडक कार्यालयात गेली. परीक्षेतून माघार घेण्याचा अर्ज भरून घेऊन आली. तो घेणारी खिडकी पाचला बंद होत होती. साडेचार वाजले होते.

चिटणिसाने तिथल्या तिथे झाकण उघडलं. "बघा, आत दोन तारा आणि एक मीटर. दोन वेगळे धातू, मध्ये घामट हात, झाली बॅटरी. जो जास्त घाबरला त्याला जास्त घाम, त्याला जास्त गुण. हिने सकाळपासून आपल्या फळ्यांवर लिहिलंय, हात खडूने कोरडे ठाक. म्हणून शून्य."

"आत काहीच नाही, तरी एवढं सांगतं," रांगेतून कोणीतरी म्हणालं. "कमाल आहे."

चिटणिसाने डस्टर भिजवून दोन्ही पट्ट्यांवर आडवं ठेवलं. काटा अठ्ठ्याऐंशीवर गेला.

"घ्या. डस्टर पास झालं."

"होणारच," विभागप्रमुख म्हणाले. "वीस वर्षं माझं शिकवणं पुसतंय."

थोड्याच वेळात डस्टरला हात लावायची वेगळी रांग लागली.

त्याने बहिणीला नळापाशी ओढत नेलं, हात धुवायला लावले, परत आणलं. एक्याऐंशी.

"पटलं ना आता?"

"हे पाण्याचे गुण, दादा. माझे शून्यच."

पावणेपाचला तिने अर्ज दिला. शिक्का मारता मारता कारकुनाने विचारलं, "त्या पेटीची रांग अजून आहे का?"

पेपर झाला त्या दिवशी चिटणीस प्रश्नपत्रिका घेऊन घरी आला. पहिलाच प्रश्न होता: दोन भिन्न धातूंना ओला हात लावल्यास प्रवाह का वाहतो? रांगेतल्या बहुतेकांनी तो ऑप्शनला टाकला होता. बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता तिने अख्खं उत्तर सांगितलं, समीकरणासकट.

"मग बसली का नाहीस?"

"येत होतं रे. पण शून्य आलं होतं ना."

तो पेटी मोडायला गेला, तर विभागप्रमुखांनी ती विभागाची मालमत्ता म्हणून नोंदवून टाकली होती. मग त्याने झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "आधी विचारा, हा काटा नेमकं काय मोजतो? उत्तर स्वतः तपासा. तोवर हात खिशात ठेवा."

निकाल लागायचा होता. दुसऱ्या दिवशी अख्खी रांग हात खिशात घालून उभी होती. खिशात हात घामेजले. सगळ्यांचे गुण वाढले.